टिळकांचे उत्तरध्रुवीय मूलस्थान आणि हिमसागरातील प्रवास : पुराव्याची एक फेरतपासणी

१. विषयप्रवेश

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, भाईंदरच्या मिठागरांच्या परिसरात नवघर हे गाव वसले आहे. २००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आज त्याचा समावेश होतो. या गावाचा अक्षांश सुमारे १९ अंश १८ कला आहे. त्यामुळे येथील निरीक्षकाला ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश उंचीवर दिसतो. सप्तर्षी येथे उगवतात आणि मावळतातही. वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर येतो. सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. पहाटेची पहिली चाहूल लागल्यापासून सूर्योदयापर्यंत साधारण सव्वा तास जातो.

कोकणातील माणसाच्या अनुभवाची ही चौकट मुद्दाम आरंभी मांडली आहे. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांच्या ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील मूळ प्रश्न याच चौकटीतून उद्भवतो. जो समाज अशा आकाशाखाली राहतो, त्याच्या प्राचीनतम सूक्तांत अनेक दिवस टिकणारी उषा, संपता न संपणारी रात्र आणि एका वर्षाएवढा देवांचा दिवस यांचे उल्लेख का यावेत? टिळकांचे उत्तर असे की, या सूक्तांत हिमयुगापूर्वी उत्तर ध्रुवाजवळ राहिलेल्या पूर्वजांची स्मृती जपली गेली आहे.

या उत्तराची वासलात दोन सोप्या रीतींनी लावली जाते. काही जण लोकमान्यांच्या अधिकारावर विसंबून ते सिद्धान्त म्हणून उद्धृत करतात. काही जण विक्षिप्त कल्पना म्हणून हसून सोडून देतात. या दोन्ही रीतींत ग्रंथ वाचला जात नाही. प्रस्तुत लेखात वेगळी वाट धरली आहे. ज्या हिमसागरातील प्रवासांच्या वृत्तान्तांवर टिळकांच्या आधीच्या लेखकांनी आणि स्वतः टिळकांनी आपली मांडणी उभारली, त्या प्रवासांकडे परत जाऊन त्यांच्या पुराव्याची पुन्हा तपासणी करावयाची आहे. टिळकांचा पुरावा तीन प्रकारचा आहे : वेदवचनांचा, आकाशाचा आणि भूमीचा. या तिन्हींचे मूल्य सारखे नाही, आणि त्यांची गल्लत हेच या वादातील बहुतेक गोंधळाचे मूळ आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

२. ग्रंथाची घडण

१८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात टिळकांनी वसंतसंपात मृगनक्षत्रात असल्याच्या खुणा वेदांत शोधून वैदिक काळाची मर्यादा इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे नेली होती. त्यापलीकडे काय, हा प्रश्न तेथेच उपस्थित झाला होता. २७ जुलै १८९७ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली, १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. माक्स म्युलर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांच्याकडे पाठवली होती. नव्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी त्याचा कृतज्ञतापूर्वक निर्देश केला आहे. ग्रंथाचा पहिला खर्डा १८९८ च्या अखेरीस तयार झाला. सिंहगडावरील टिळकांच्या बंगल्याशी त्याच्या लेखनाचे नाते जोडले जाते. प्रस्तावनेवर मात्र मार्च १९०३ ही मिती आहे. मधल्या चार वर्षांत त्यांनी हा विषय जाणकारांपुढे ठेवून पारखून घेतला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, दस्तुर होशंग जामास्पजी आणि प्रा. जिनसीवाले यांच्या साहाय्याचा त्यांनी केलेला उल्लेख हेच दर्शवितो.

ग्रंथाच्या तेरा प्रकरणांची मांडणी वकिली शिस्तीची आहे. आधी प्रागैतिहासिक काळ आणि हिमयुग यांविषयीचे तत्कालीन भूशास्त्र येते. मग ध्रुवप्रदेशाची लक्षणे येतात. त्यानंतरच वेदांतील पुरावा हाती घेतला जातो. यांपैकी तिसरे प्रकरण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यात टिळकांनी दोन याद्या केल्या आहेत. प्रत्यक्ष ध्रुवावरील लक्षणांची पहिली यादी अशी : सूर्य दक्षिणेस उगवतो, तारे उगवत-मावळत नाहीत, तर क्षितिजाला समांतर फिरतात, वर्ष म्हणजे सहा महिन्यांचा एक दिवस आणि सहा महिन्यांची एक रात्र, उषा एकच, पण सुमारे दोन महिने टिकणारी आणि क्षितिजाभोवती चक्राकार फिरणारी. ध्रुवाच्या सभोवारच्या प्रदेशाची यादी वेगळी आहे : सूर्य नेहमी खस्वस्तिकाच्या दक्षिणेस राहतो, पुष्कळ तारे कधीच मावळत नाहीत, वर्षाचे दीर्घ दिवस, दीर्घ रात्र आणि मधला नेहमीच्या अहोरात्रांचा काळ असे तीन भाग पडतात, उषा अनेक दिवसांची असली तरी ध्रुवावरील उषेइतकी दीर्घ नसते.

हा विवेक टिळकांनी प्रथमच केला असे नाही. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फेअरफील्ड वॉरन यांनी १८८५ साली मानवजातीचे मूलस्थान उत्तर ध्रुवावर असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला होता. कॅप्टन बेडफर्ड पिम या दर्यावर्दी अधिकाऱ्याने दिलेले ध्रुवावरील प्रकाशाचे वेळापत्रक वॉरन यांच्या ग्रंथातून टिळकांकडे आले. त्यात २९ जानेवारीस प्रकाशाची पहिली झाक आणि सत्तेचाळीस दिवसांनी, १६ मार्चला, सूर्योदय असे दिले आहे. परंतु वॉरन यांचा आधार मुख्यतः जगभरच्या पुराणकथांचा होता. टिळकांनी प्रत्येक लक्षणासमोर वेदांतील स्थळ मांडून दोन्ही बाजू जुळविल्या. पद्धतीच्या दृष्टीने हे त्यांचे स्वतंत्र कार्य होय.

३. उन्हाळी नौकेवरील साक्ष

टिळकांनी ध्रुवप्रदेश पाहिला नव्हता. आज मात्र तो पाहणे तितके दुर्घट राहिलेले नाही. उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहातून बर्फाला तोंड देऊ शकणाऱ्या लहान प्रवासी नौका फिरतात. त्यांच्या वाटेवरील ठिकाणे म्हणजे उत्तरध्रुवीय इतिहासाची प्रकरणेच होत. लाँगयिअरब्येन हे गाव ७८ अंश १३ कलांवर आहे. तेथून नौका ईसफियॉर्डमधून बाहेर पडते आणि स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाते. वाटेत काँग्सफियॉर्ड आणि माग्दालेनाफियॉर्ड लागतात. डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या या खाड्यांच्या तोंडापासून टोकापर्यंत गेले असता हिमनद्यांचे कडे समुद्रात कोसळताना दिसतात. वायव्य कोपऱ्यात अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर सतराव्या शतकातील डच देवमासेमाऱ्यांच्या स्मेरेनबुर्ग या वस्तीचे अवशेष आहेत. शेजारच्या डेन्स बेटावरून ११ जुलै १८९७ रोजी, म्हणजे टिळकांच्या अटकेच्या सोळा दिवस आधी, स्वीडनचा आंद्रे आपल्या दोन सहकाऱ्यांसह बलूनमधून ध्रुवाकडे निघाला होता. त्या तिघांचे अवशेष १९३० साली क्वितोया बेटावर सापडले. पुढे ऐंशी अंशांवर मोफेन हे वॉलरस प्राण्यांचे सपाट बेट येते. त्याच्याही उत्तरेस तरंगत्या बर्फाचे पट्टे सुरू होतात आणि नौकेची वाट अडते.

या नौकेवरील प्रवाशाला टिळकांच्या यादीपैकी कोणती लक्षणे दिसतात? जूनच्या अखेरीस ऐंशी अंशांवर सूर्य मध्यान्ही सुमारे ३३ अंश आणि मध्यरात्री सुमारे १३ अंश उंचीवर असतो. तो मावळत नाही आणि डोक्यावरही येत नाही. क्षितिजाभोवती किंचित तिरक्या कड्यासारखा फिरत राहतो. दीर्घ दिवस आणि सूर्याचा हा प्रदक्षिणामार्ग ही दोन लक्षणे प्रवाशाला प्रत्यक्ष दिसतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एका सूक्तात सूर्याने आकाशाच्या मध्यावर आपला रथ सोडल्याचे वर्णन आहे. टिळकांनी त्याचा संबंध दीर्घ दिवसाशी का जोडला, हे नौकेच्या गच्चीवरून चटकन उमगते.

तथापि येथेच एक महत्त्वाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. उन्हाळी प्रवाशाला तारे मुळीच दिसत नाहीत, कारण रात्रच होत नाही. त्याला दीर्घ उषाही दिसत नाही, कारण ती फेब्रुवारी-मार्चमधील घटना आहे. सप्तर्षी डोक्यावर फिरतात की नाही, हे उन्हाळी नौकेवरून पडताळता येत नाही. टिळकांच्या युक्तिवादाचा कणा उषा, दीर्घ रात्र आणि ताऱ्यांचे भ्रमण यांचा आहे. म्हणून त्या युक्तिवादाचा पडताळा उन्हाळी प्रवाशांच्या वर्णनांतून होत नाही. बर्फात अडकून हिवाळा काढलेल्यांचीच साक्ष येथे उपयोगी पडते.

४. हिवाळा काढणाऱ्यांची साक्ष

अशा साक्षीदारांत पहिले नाव विलेम बारेंट्स यांच्या डच मोहिमेचे घ्यावे लागते. १५९६ च्या जूनमध्ये या मोहिमेने स्पिट्सबर्गेन पाहिले. पुढे नोवाया झेम्ल्याच्या ईशान्य किनाऱ्यावर त्यांची नौका बर्फात सापडली. सुमारे ७६ अंशांवर लाकडी घर बांधून त्यांना हिवाळा काढावा लागला. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य दिसेनासा झाला. गेरिट दे वेअर याच्या दैनंदिनीनुसार २४ जानेवारी १५९७ रोजी त्यांना सूर्याची कड पुन्हा दिसली. गणिताने ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिसावयास हवी होती. समकालीनांनी या नोंदीवर अविश्वास दाखवला. पुढे तिचे स्पष्टीकरण मिळाले. थंड हवेच्या थरांवर उष्ण थर पसरले की प्रकाशाचे असाधारण वक्रीभवन होते आणि क्षितिजाखाली कित्येक अंश असलेला सूर्य वर उचलल्यासारखा भासतो. या आभासाला आज नोवाया झेम्ल्याचे नाव आहे.

टिळकांच्या वाचकाने या नोंदीतून एक धडा घ्यावयास हवा. ध्रुवप्रदेशातील उषेची लांबी ही गणिताने काटेकोर ठरणारी राशी नाही. हवेच्या स्थितीनुसार तीत दोन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. तेव्हा सूक्तांतील ‘तीस’ ही संख्या घेऊन तिच्यावरून अक्षांश ठरविण्याचा मोह सावधपणेच आवरला पाहिजे. संख्येवरून फार तर स्थूल मर्यादा काढता येतील.

दुसरी साक्ष फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या ‘फ्राम’ या नौकेची आहे. जून १८९३ मध्ये नॉर्वे सोडून ही नौका सप्टेंबरमध्ये न्यू सायबीरियन बेटांच्या परिसरात हेतुपुरस्सर बर्फात गोठवून घेण्यात आली. तीन हिवाळे ती बर्फासह वाहत राहिली आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्वालबार्डच्या वायव्येस मोकळी झाली. मध्यंतरी नान्सेन आणि योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले आणि ८ एप्रिल १८९५ रोजी सुमारे ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचले. नान्सेन यांच्या वृत्तान्ताचा इंग्रजी अनुवाद १८९७ साली, टिळकांच्या कारावासाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. या मोहिमेचे सर्वांत दूरगामी फलित आकाशाविषयीचे नव्हते, समुद्राविषयीचे होते. ‘फ्राम’वरून सोडलेल्या दोऱ्या ३००० मीटरांहून अधिक खोल गेल्या. ध्रुवाभोवती उथळ समुद्र किंवा बुडालेले भूखंड असेल, ही जुनी कल्पना तिने खिळखिळी केली.

५. तीस उषांचे गणित

आता मुख्य पुराव्याकडे वळू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात सूर्योदयापूर्वी उषेचे पुष्कळ दिवस होऊन गेल्याचा आशय येतो. तैत्तिरीय संहितेत तीस भगिनी-उषांचे वर्णन आहे. ऐतरेय ब्राह्मणात सूर्योदयापूर्वी हजार ऋचांचे आश्विनशस्त्र म्हणण्याचा विधी आहे. या तीस उषा म्हणजे महिन्याच्या तीस दिवसांच्या तीस पहाटा, या समजुतीने टिळकांचे समाधान झाले नाही. वर्षातील ३६० पहाटांपैकी तीसच का निवडाव्यात, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. या उषा एकाच निवासात राहणाऱ्या आणि चक्रासारख्या फिरणाऱ्या आहेत, या वर्णनावर त्यांनी विशेष भर दिला आणि त्यांत अखंड फिरणारी ध्रुवीय उषा पाहिली.

या विधानाची परीक्षा साध्या गणिताने करता येते. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांच्या आत आला की आकाशात प्रकाशाची पहिली झाक दिसते. निरीक्षक ध्रुवापासून जितके अंश दूर असेल, तितके अंश सूर्य मध्यान्ही आपल्या क्रांतीच्या मानापेक्षा वर येतो आणि मध्यरात्री तितकेच अंश खाली जातो. अखंड फिरणाऱ्या उषेसाठी दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. मध्यान्ही सूर्य उगवता कामा नये आणि मध्यरात्री तो अठरा अंशांपेक्षा खाली जाता कामा नये. म्हणजे अखंड उषेला मिळणारा अवकाश अठरा अंशांतून निरीक्षकाच्या ध्रुवांतराची दुप्पट वजा केल्यावर उरतो तेवढाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्याची क्रांती दररोज एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक बदलते. त्यावरून दिवस काढता येतात.

निष्कर्ष असे निघतात. प्रत्यक्ष ध्रुवावर अखंड उषा सुमारे सात आठवड्यांची असते. ही संख्या पिम यांच्या सत्तेचाळीस दिवसांशी जुळते. ८१ अंशांवर आणि त्याच्या दक्षिणेस अखंड उषा मुळीच नसते. तेथे मध्यान्हाच्या सुमारास उजळून मावळणारी उषा दररोज नव्याने येते. पूर्ण तीस दिवसांच्या अखंड उषेसाठी निरीक्षक सुमारे साडेशहाऐंशी अंशांवर असावा लागतो. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाजवळील भूमी पृथ्वीवर सर्वांत उत्तरेची आहे, आणि तीही ८३ अंश ४० कलांच्या आसपास संपते. तेथे अशी उषा सुमारे दोन आठवडे टिकते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. तीस उषांचे वर्णन अखंड चक्राकार उषेचे मानले, तर ते जेथे अनुभवास येईल ते स्थान नान्सेन १८९५ साली पोहोचले त्या जागेच्याही थोडे उत्तरेस पडते. तेथे गोठलेल्या पाण्याखाली हजारो मीटर खोल समुद्र आहे. ते वर्णन मध्यान्ही उजळणाऱ्या उषांचे मानले, तर भूमी सापडते. पण चक्राकार भ्रमण आणि अखंडत्व हे टिळकांचे खास मुद्दे सोडावे लागतात. शिवाय अशा ठिकाणी उषांची संख्या तीस राहत नाही. ७९ अंशांवर दक्षिणायनाच्या अंतीही मध्यान्ही सूर्य क्षितिजाखाली सुमारे बारा अंशच असतो. म्हणून तेथे दीर्घ रात्रीच्या प्रत्येक दिवशी दक्षिणेस मंद झाक दिसते. अशा उषा मोजल्या तर त्या शंभराहून अधिक भरतील.

प्रस्तुत लेखकास हा दोष निव्वळ तपशिलाचा वाटत नाही. टिळकांनी ध्रुवाची आणि परिध्रुव प्रदेशाची लक्षणे वेगळी करण्याची दक्षता घेतली. परंतु वेदवचनांचा अन्वय लावताना त्यांना दोन्ही याद्यांतील लक्षणांचा आधार घ्यावा लागला. गवामयनाच्या दहा महिन्यांच्या सत्रात आणि दशग्वांच्या आख्यानात त्यांनी दहा महिन्यांचा सूर्यप्रकाश पाहिला. त्यासाठी मूलस्थान ध्रुवापासून बरेच दक्षिणेस हवे. तीस दिवसांच्या फिरत्या उषेसाठी ते ध्रुवाजवळ हवे. ही स्थळे एका वस्तीची असू शकत नाहीत. निरनिराळ्या अक्षांशांवरील टोळ्यांच्या स्मृती एकत्र आल्या, असे म्हणून हा विरोध मिटवता येतो. पण मग कोणतेही वर्णन कोठे ना कोठे बसू लागते, आणि परीक्षेची धार बोथट होते.

६. भूमीची आणि हिमाची साक्ष

आकाशाच्या पुराव्यात निदान मोजणी शक्य आहे. भूमीच्या पुराव्यात टिळक आपल्या काळच्या भूशास्त्रावर अवलंबून होते. त्या वेळी हिमयुगाच्या समाप्तीविषयी दोन मते होती. क्रोल यांच्या गणनेने ती सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वीची ठरत होती. अमेरिकी भूशास्त्रज्ञ धबधबे आणि दऱ्या यांच्या झिजेवरून ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानत होते. टिळकांनी दुसरे मत स्वीकारले आणि मूलस्थानाचा नाश इसवी सनापूर्वी १०००० ते ८००० च्या दरम्यान ठेवला. वर्तमान हिमोत्तर युगाचा आरंभ आज सुमारे ११७०० वर्षांपूर्वीचा मानतात. तेव्हा दोन परस्परविरोधी मतांतून टिळकांनी निवडलेले मत सत्याच्या अधिक जवळचे होते, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

मिती जवळपास बरोबर आली, पण ऋतू चुकला. त्या मितीच्या आधी ध्रुवप्रदेशात चिरवसंत होता, ही त्यांच्या सिद्धान्ताची आवश्यक अट आहे. आजच्या ज्ञानानुसार त्या मितीच्या मागे सुमारे एक लाख वर्षांचा शीतकाळ पसरलेला आहे. सुमारे २६००० ते १९००० वर्षांपूर्वी हिमाचा विस्तार परमावधीस पोहोचला होता, आणि त्या वेळी स्वालबार्ड व बारेंट्स समुद्र हिमस्तराखाली होते. त्याआधीचा उबदार काळ सुमारे १ लाख ३० हजार ते १ लाख १५ हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेथपासून कोणत्याही भाषेची किंवा सूक्ताची परंपरा अखंड आली, असे मानणे कठीण आहे.

ध्रुवप्रदेशात प्राचीन मानव मुळीच नव्हता, असा मात्र याचा अर्थ नाही. सायबीरियातील याना नदीच्या खालच्या खोऱ्यात, सुमारे ७१ अंशांवर, बत्तीस हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी वस्तीचे अवशेष सापडले आहेत. न्यू सायबीरियन बेटांपैकी झोखोव बेटावर, ७६ अंशांवर, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसे रेनडियर आणि ध्रुवीय अस्वले मारीत होती. त्यांच्याजवळ घसरगाड्या आणि कुत्रे होते. म्हणजे दीर्घ रात्र आणि दीर्घ उषा पाहणारे मानव प्राचीन काळी होते, हे आज टिळकांच्या काळापेक्षा अधिक निश्चयाने सांगता येते. परंतु ते थंडीशी जुळवून घेतलेले शिकारी होते. अश्व, गोधन, रथ आणि यव यांच्या ऋग्वेदीय जगाशी त्यांचे नाते दाखविता येत नाही. स्वालबार्डवर तर मूळ मानवी वस्तीचा निश्चित पुरावाच नाही. तेथील मानवी इतिहास डच नाविकांपासून सुरू होतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकीय द्रव्याच्या विस्तृत अभ्यासात मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून दक्षिण आशियात आलेल्या लोकप्रवाहाचा काळ इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान मानला आहे. या विषयातील वाद अद्याप संपलेले नाहीत. तथापि त्या वादातील कोणताही प्रमुख पक्ष मूलस्थान ध्रुवाजवळ ठेवीत नाही.

७. पूर्वपक्ष आणि एक सावधगिरी

टिळकांना विरोध त्यांच्याच गावातून झाला, ही गोष्ट मराठी विद्वत्तेच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात मूलस्थान सप्तसिंधूत असल्याचे आणि तेथून आर्यांच्या वसाहती उत्तरेस गेल्याचे प्रतिपादन केले. पावगींनी टिळकांची ध्रुवीय लक्षणे नाकारली नाहीत. प्रवासाची दिशा उलट केली. म्हणजे वेदांत ध्रुवाचे आकाश आहे, हे गृहीत दोघांनाही मान्य होते. परीक्षा व्हावयास हवी ती या गृहीताची.

येथे एक स्थानिक उदाहरण उद्बोधक ठरेल. उत्तरध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, हे ध्रुवप्रदेशाचे खास लक्षण समजले जाते. पण ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो मुंबईहून दिसल्याची नोंद आहे. त्याच वेळी कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनी प्रचंड क्षोभ नोंदविला होता. उद्या एखाद्या सूक्तात रात्रीच्या आकाशातील लाल ज्वाळांचे वर्णन सापडले, तर ते ध्रुवावरूनच आले असे म्हणता येणार नाही. जी घटना एकोणीस अंशांवरूनही क्वचित दिसू शकते, ती ऐंशी अंशांवरील वास्तव्याचा पुरावा होत नाही.

सहा महिन्यांच्या दिवसाविषयीही असेच म्हणावे लागते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास मेरूवरील देवांच्या अर्ध्या वर्षाच्या दिवसाचा विचार केला, तो मेरूवर न जाता. गोलाचे ज्ञान असलेल्यास हे अनुमान घरबसल्या करता येते. टिळकांना हा आक्षेप ठाऊक होता. देवांच्या दिवसाची कल्पना तैत्तिरीय ब्राह्मणात, म्हणजे अशा गणिताच्या फार आधी, आढळते असे त्यांचे उत्तर आहे. ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. परंतु वर्षाच्या उत्तरायण आणि दक्षिणायन या दोन अर्धांची देव व पितर यांच्याशी घातलेली सांगड ही कल्पना सुचवावयास पुरेशी आहे. त्यासाठी प्रत्यक्ष दर्शनाची गरज राहत नाही.

८. उपसंहार

या फेरतपासणीतून काय उरते? आकाशाची लक्षणे सांगताना टिळक सामान्यतः अचूक आहेत. ऐंशी अंशांवर हिवाळा काढणारा निरीक्षक त्यांचे तिसरे प्रकरण हाती घेऊन आकाश पाहू शकतो. भूमीविषयीचा त्यांचा आधार नंतरच्या शोधांनी ढासळला, आणि तो दोष त्यांच्या परिश्रमाचा नसून त्या काळच्या ज्ञानाचा आहे. वेदवचनांच्या अन्वयात मात्र त्यांनी दोन अक्षांशांची लक्षणे एका मूलस्थानावर लादली. हा दोष त्यांच्याच यादीवरून, त्यांच्याच काळी, उघड करता आला असता. तीस उषांचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. तो पुन्हा विधिविधानांच्या आणि काव्यपरंपरेच्या अभ्यासकांकडे आला आहे.

या विषयाला अलीकडे एक अनपेक्षित जोड मिळाली आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या स्वालबार्ड कराराच्या स्वाक्षरीकर्त्यांत तत्कालीन हिंदुस्थानचाही समावेश होता. भारताची पहिली उत्तरध्रुवीय वैज्ञानिक मोहीम २००७ साली गेली. १ जुलै २००८ रोजी काँग्सफियॉर्डच्या काठी, न्यू ओलेसुंड येथे, ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. २०१४ साली या फियॉर्डमध्ये सुमारे १९२ मीटर खोलीवर निरीक्षणयंत्रणा बसविण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तेथे गेली. तीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचाही सहभाग होता.

न्यू ओलेसुंड येथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. टिळकांनी पहिला खर्डा पुरा केल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे होत होती. ज्या दीर्घ रात्रीचे वर्णन त्यांनी पुण्यात बसून परक्यांच्या वृत्तान्तांवरून लिहिले, त्या रात्रीत पुण्यातील संस्थेचे काम सुरू झाले. अर्थात् त्या मोहिमेचे प्रयोजन वेगळे होते. वातावरण, बर्फ आणि हवामान यांची मोजणी करण्यासाठी ती गेली होती.

पदव्युत्तर वर्गात ‘आर्क्टिक होम’ शिकवावयाचा असेल, तर तो निष्कर्षांसाठी शिकवू नये आणि उपहासासाठीही नव्हे. नकाशा, पंचांग आणि संहिता समोर ठेवून त्यातील एक एक लक्षण तपासण्याचा पाठ म्हणून तो शिकवावा. विद्यार्थ्याने प्रथम आपल्याच गावचे आकाश मोजावे, ध्रुव किती अंशांवर दिसतो आणि पहाट किती वेळ टिकते ते नोंदवावे, आणि मगच ऐंशी अंशांविषयी विधान करावे. टिळकांनी पुरावा असा उघड मांडून ठेवला की, एका शतकानंतर त्यांच्याच आकड्यांनी त्यांचे मत खोडता येते. हा त्यांच्या विद्वत्तेचा उणेपणा नव्हे, गौरवच होय.